चंद्राखालचा पाय

सांता दोरोतेया, २ जुलै

जोझाफा,

तुझी चिठ्ठी बेनेने काल आणून दिली. ट्रकमधून उतरला, कॉफी मागितली, दुसरा पेला मागितला, आणि मग म्हणतो, "दोना एरोंदिना, भावाने काहीतरी दिलंय, पण आधी बसून घ्या." बसायला सांगून दिलेली बातमी कधी चांगली असते का? मी उभ्यानेच वाचली.

वासरं हाताशी आली आहेत, पाऊस लागायच्या आत ट्रक भरून पाठवतो, असं तू लिहितोस. आणि खाली, "फक्त पाय दे ताई, बाकी मी बघतो." फक्त पाय! जणू शेजारणीने चिमूटभर मीठ मागावं.

चिठ्ठी लुसिनेदच्या अक्षरात आहे, म्हणजे पत्रही तीच तुला वाचून दाखवेल, आणि तिला सासरच्या जुन्या गोष्टी ठाऊक नाहीत, म्हणून तिच्यासाठी लिहिते. लुसिनेद, तुझ्या सासऱ्यांच्या गुरांवरची खूण म्हणजे चंद्रकोर आणि तिच्यावर क्रूस. आम्ही जिथून आलो त्या कोरड्या सेरिदोकडचा रिवाज असा, की बापाची खूण जशीच्या तशी धाकट्याला मिळते, आणि थोरल्याने त्यात आपली एक रेघ घालायची. तुझा नवरा धाकटा, म्हणून चंद्र त्याचा. माझ्या वाट्याला चंद्राखाली एक लहान उभी रेघ आली. तिला बाबा पाय म्हणायचे. "पोरगी चालत दुसऱ्याच्या घरी जाणार, तिला पाय नको?" असं म्हणून स्वतःच हसले होते.

तर जोझाफा, तुझ्या वासराच्या पुठ्ठ्यावर तापल्या लोखंडाची एक रेघ ओढली, की ते माझं होतं. एवढं सोपं आहे. बाबांनी हे भावंडांची गुरं वेगळी ओळखू यावीत म्हणून करून ठेवलं. एकाची गुरं दुसऱ्याच्या पदराखाली लपावीत म्हणून नाही.

ती वासरं कुठल्या गवतावर वाढली ते तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. नदीपलीकडे तू गेलास तेव्हा तिथे गवत नव्हतं, उभं रान होतं. ते तू पाडलंस, जाळलंस, वर बी फेकलंस. सरकारने त्या जमिनीवर बंदी घातली, म्हणून कत्तलखाना तुझं जनावर घेत नाही. माझं घेतो, आणि दोन पैसे जास्त देऊन घेतो, कारण आमच्या सहकारी संस्थेने लिहून दिलं आहे की आमच्याकडचं एकही जनावर जाळलेल्या रानावर वाढलेलं नाही. एका घरातून जरी तसलं जनावर गेलं, तरी सगळ्या घरांची विक्री बंद. एरोंदिनाची एकटीची नाही. या रस्त्यावर जेवढ्या चुली पेटतात तेवढ्या सगळ्यांची.

बेनेबरोबर तू निरोप धाडलास, "ताईला सांग, गाय गवत खाते, कागद खात नाही." बरं बोललास. पण तुझं गवत दर चार-पाच वर्षांनी मरतं, आणि मग तू तिला रान खायला घालतोस, त्याचं काय?

वासरं पाठवू नकोस. लुसिनेदसाठी मॅनिओकच्या कंदाचं पीठ देते आहे, या वेळी चांगलं खरपूस भाजलंय. 

एरोंदिना


सांता दोरोतेया, २६ जुलै

जोझाफा,

पिठाची पिशवी रिकामी परत आली आणि तिच्यात उत्तर नव्हतं. उत्तर बेनेच्या तोंडून आलं. "ताईला म्हणावं, विजेच्या तारेच्या मागे बसून बाबांना विसरलीस."

बाबांना मी विसरले? तुझा जन्म इथला, पारा प्रांतातला, पावसातला. मी सहा वर्षांची होते तेव्हा सेरिदोत आमच्याकडे ढगाला नाव ठेवायलासुद्धा ढग नव्हता. बाबा निवडुंग तोडून आणायचे, जाळावर धरून काटे जाळायचे आणि गुरांपुढे टाकायचे. अजून कुठे काटा जळल्याचा वास आला की मला भूक लागते, असली माझी आठवण आहे. मिमोझा गाय भुकेने खाली बसली आणि उठेना, तेव्हा त्यांनी चार खांब रोवले आणि तिला झोळीत घालून उभी टांगली. मिमोझा कशी उठली ही गोष्ट तू लहानपणी रोज ऐकून झोपायचास, तेव्हा ती परत सांगत नाही.

बाबा इथे आले तेव्हा त्यांना हे रान म्हणजे न संपणारी गोष्ट वाटली. सरकारच सांगत होतं, निम्मं तोडाल तर जमीन तुमची. त्यांनी तोडलं. मी त्यांना दोष देत नाही. ज्याने पाणी पाहिलं नाही तो घागर उपडी करून पितो. पण आता आपण तसे नाही ना रे! आपल्याला गवत संपलेलं दिसलंय. पहिला तुकडा संपला, दुसरा संपला, मग तू नदी ओलांडलीस आणि मी इथेच मेलेल्या कुरणावर राहिले. तू तेव्हा म्हणालास, "ताई दगडातून दूध काढणार." आठवतं?

आता ऐक दगडाचं काय झालं ते. संस्थेने ताइनारा नावाची पोरगी पाठवली होती, शेतकी शिकलेली, बेलें शहरातली, बुटात पाय आणि पायात काटा. पहिल्या दिवशी तिने आम्हाला अंगणात बसवून सांगितलं, की गाईच्या ढेकरातून एक वायू निघतो आणि त्याने सगळं आभाळ तापतं. तुझा दाजी ओतासिलियो माझ्याकडे बघून म्हणतो, "मग आमच्या सासूबाईंनी जेवढं आभाळ तापवलं तेवढं कुठल्या गाईने तापवलं नसेल." पोरगी हसली नाही. तिने विचारलं, "तुमचा गोऱ्हा विकायला किती वर्षं लागतात?" मी म्हटलं, चार, कधी त्याहून जास्त. "म्हणजे चार वर्षं ढेकर, चार वर्षं गवत, चार वर्षं जमीन. तोच दोन-अडीच वर्षांत भरला तर?" हिशेब कळायला मला शेतकी शिकावी लागली नाही.

आम्ही विजेच्या तारेचं कुंपण घालून कुरणाचे तुकडे पाडले. गुरं एका तुकड्यात दोन-तीन दिवस, मग पुढच्या, आणि मागचं गवत विश्रांतीला. गवतात रानभुईमूग पेरला, तो जमिनीला खत देतो आणि गुरांना खाऊ. मधून शेंगांची झाडं लावली, सावलीला. बाबांनी पाहिलं असतं तर म्हणाले असते, आयुष्यभर झाडं पाडली आणि पोरगी लावत बसली. आज माझी तितकीच गुरं पूर्वीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जमिनीवर पोसतात. उरलेलं आम्ही ओढ्याकडेने सोडून दिलं. नुसतं सोडलं रे, कुंपण घातलं आणि पाठ फिरवली. आता तिथे माणूस शिरत नाही इतकं माजलंय, आणि ओढा सप्टेंबरातही वाहतो.

सगळं गोड नाही. तारेत कधी वीज नसते, पहिल्या वर्षी भुईमूग डुकरांनी उकरला. बाबांनी कायद्याला भिऊन न तोडता कुरणात ठेवलेलं कास्तान्याचं, त्या टणक बियांचं, झाड अजून वांझच आहे. त्याच्या फुलाला रानातली मोठी माशी लागते, ती उघड्या कुरणावरून येत नाही म्हणे. ओतासिलियो दर वर्षी जाऊन खाली बघून येतो आणि जेवायला बसतो.

मी तुला बोलावते आहे. वासरांना नाही, तुला. पूर्वेकडचा तुकडा तुझा. नदीपलीकडची ती जमीन सोड, रानाला परत घेऊ दे.

ताई


सांता दोरोतेया, २९ ऑगस्ट

जोझाफा,

हे पत्र मी चार वेळा सुरू केलं. आधी हवापाण्याचं लिहिलं, मग ओतासिलियोच्या गुडघ्याचं. आता सरळ लिहिते.

सोमवारी संस्थेचे आमांसियो आले. घोड्यावरून उतरले नाहीत. वरूनच म्हणाले, "दोना एरोंदिना, यंदा तुमच्या गाई जुळी वासरं देतायत का?"

मी म्हटलं, "देत असत्या तर तुम्हाला जेवायला बोलावलं असतं."

"मग तुमच्या नावावर एवढी वासरं विकली कशी गेली? तुमच्या गाई आम्ही मोजलेल्या आहेत. त्या एवढी वासरं व्यायच्या तर बैलाने आणि त्यांनी रात्रपाळी करायला हवी."

मला तिथेच कळलं, जोझाफा. तरी मी टोपी घातली आणि त्यांच्याबरोबर गेले. वाटेवर गुरं विकत घेऊन पोसणाऱ्या एकाच्या आवारात तुझी वासरं उभी होती, लाकडी कठड्यामागे, प्रवासाने मलूल. सगळी संस्था कठड्यावर चढून बसलेली. जत्रा असावी तसं कुणीतरी भाजलेली कणसंही आणली होती. पुठ्ठ्यांवर चंद्र, चंद्रावर क्रूस, आणि खाली पाय.

"चंद्र आहे, पाय आहे," कुणीतरी मागून म्हणालं, "मग शंका कसली? बाईचीच गुरं."

"बाईनेच आम्हाला बुडवलं म्हणा की," दुसरा म्हणाला.

मी आत गेले आणि एका कालवडीवर हात ठेवला. तू विसरलास का रे, की चंद्र वासराबरोबर वाढतो? लहानपणी दिलेला डाग अंगासोबत पसरतो, कडेला केस धरतो, गुळगुळीत होतो. तुझा चंद्र तसा होता. पाय मात्र ताजा, बारीक, खपली अजून ओली, हात लावताच कालवड थरथरली. हे आपल्याकडच्या पोरालाही कळतं. कठड्यावरच्या अर्ध्यांना आधीच कळलं होतं. ते मी काय बोलते याची वाट बघत होते.

तू मला विचारलंही नाहीस. मी नाही म्हटलं, तर तू माझा पाय घरीच घडवलास. कशाने दिलास? कुऱ्हाडीच्या कानाने? दाराच्या कडीने? 

आमांसियो म्हणाले, "माझी म्हणालात तर संस्था बुडते. नाही म्हणालात तर कुणाची ते सांगावं लागेल. मला यात आनंद नाही, बाई."

 खोटं बोलायची माझी तयारी होती, हे तुला कळावं. जीभ उचलली होती. मग समोर आमांसियोची सून दिसली, पोटुशी, तिने यंदाच पहिल्या दोन गाई घेतल्या आहेत, आणि तिच्या पलीकडे बाकीचे सगळे.

मी म्हटलं, "चंद्र माझ्या भावाचा आहे. पाय माझा नाही."

एवढंच बोलले. वासरं जप्त झाली. या रस्त्यावर आता चंद्राचं जनावर कुणी घेणार नाही, आणि ते माझ्या तोंडाने झालं. मी आवारातून निघाले तेव्हा कुणी मला शाबासकी दिली नाही. आमांसियोची बायको मला पाहून रस्ता ओलांडते. संस्था वाचवलीस ते ठीक, पण सख्ख्या भावाचं नाव घेतलंस, असं तिच्या पाठीवर लिहिलेलं मला वाचता येतं. तिचं काही चुकत नाही.

बेनेला मी अंगणात येऊ दिलं नाही. फाटकातून ओरडत होता, "मी फक्त चाक फिरवतो, दोना एरोंदिना! ट्रकच्या मागे काय आहे ते चाकाला कळतं का?" मी म्हटलं, चाकाला नसेल कळत, पण कॉफीला कळतं, आणि ती आता मिळणार नाही. तरी पत्र त्याच्याच हाती देते आहे. दुसरं कोण जातंय तिकडे?

मला राग आला आहे आणि मला लाज वाटते आहे, आणि दोन्ही एकाच वेळी वाटतात तेव्हा काय करायचं ते मला या वयातही समजत नाही.

एरोंदिना


सांता दोरोतेया, १९ सप्टेंबर

जोझाफा,

सूर्य आठ दिवस लाल आहे. दुपारी कोंबड्या झोपायला जातात. शाळा बंद केली, ओतासिलियो खोकून खोकून वाकला आहे, आणि धुतलेली चादर दोरीवरून काळी होऊन उतरते. सगळा धूर नदीपलीकडून येतो आहे.

तुझा एकट्याचा नाही, ते मला माहीत आहे. तिकडे सगळेच जाळतात. पण मी खिडकीतून धूर बघते तेव्हा मला सगळे दिसत नाहीत, तूच दिसतोस, हातात पलिता घेतलेला, बाबांसारखा उजवा खांदा पाडून चालणारा.

मी तुझी वाट अडवली म्हणून तू आणखी जाळतो आहेस का? बेने म्हणतो, तसंच. (त्याला परत अंगणात घेतला आहे. कॉफी पातळ देते.) तो म्हणतो, वासरं गेली, विकायला काही नाही, म्हणून जुनं कुरण पेटवून दिलंस, की राखेतून कोवळं गवत येईल आणि गाई तरी तगतील. वाऱ्याने आग फिरली आणि तुझंच कुंपण खाऊन रानात शिरली. खरं आहे का? तुला भाजलं तर नाही ना? लुसिनेद, तू तरी दोन ओळी लिही. नवऱ्याला विचारायची गरज नाही.

मी बेनेबरोबर रानभुईमुगाची रोपं आणि तारेचं भेंडोळं पाठवलं होतं. दोन्ही परत आलं. रोपं वाटेत वाळली. तू काय म्हणालास तेही बेनेने सांगितलं, बऱ्याच ओढाताणीनंतर. "जिने नाव सांगितलं तिची तार नको."

ठीक आहे. पण एक ऐक. आम्हा लहान पोरांना बाबा सांगायचे की पाऊस समुद्रातून येतो. ताइनारा म्हणते, समुद्रातून निघतो खरा, पण एवढ्या आत पोचतो तो झाडांच्या खांद्यावरून. एक झाड दुसऱ्याला देतं, दुसरं तिसऱ्याला. खांदे काढले की पाऊस वाटेत बसतो. मी सहा वर्षांची असताना ज्यातून पळाले ते इथे येणार नाही असं बाबांनी मला सांगितलं होतं. त्या बोलण्यावर मी आयुष्य काढलं. आता धूर बघते आणि वाटतं, तो दुष्काळ आम्ही मागे टाकून आलो नव्हतो, बैलगाडीला मागे बांधून आणला होता.

जाळायचं थांबव. माझ्यावरच्या रागाने थांबवणार नसशील तर लुसिनेदच्या छातीसाठी थांबव.

ताई


सांता दोरोतेया, २२ ऑक्टोबर

जोझाफा,

पाऊस नाही. गेल्या वर्षी या सुमाराला अंगणात चिखल होता.

माझ्याकडेही सगळं सुरळीत चाललंय असं समजू नकोस. मी तुला मोठ्या तोंडाने शहाणपण शिकवलं, आता खरं सांगते, माझेही तुकडे पिवळे पडले. विश्रांतीला ठेवलेलं गवत विश्रांतीच घेत बसलं आहे. म्हाताऱ्या गाई मी आधीच विकून टाकल्या, म्हणून बाकीच्यांना पुरतंय. ओढ्याला पाणी आहे, करंगळीएवढं, पण आहे. ते झाडीत आहे म्हणून आहे. बाहेरच्यांचे ओढे गेले.

आमांसियो काल पाणी मागायला आले होते. या खेपेला घोड्यावरून उतरले. गुरं पाजून झाल्यावर म्हणाले, "तुमच्या भावाकडे कसं आहे?" मी म्हटलं, "मला कोण सांगतंय?" ते म्हणाले, "मी तेव्हा विचारायला नको होतं, सगळ्यांसमोर." मी म्हटलं, "विचारायला हवंच होतं." मग मी त्यांना घरी नेऊन कॉफी दिली.

तिकडे कसं आहे?

ताई


सांता दोरोतेया, ११ नोव्हेंबर

जोझाफा, बाळा,

बेनेचा पुतण्या काल रात्री मोटारसायकलवरून आला आणि तुझी चिठ्ठी दिली. एकच ओळ. "ताई, गाय बसली आहे, बाबा कशी बांधायचे?"

मी या वेळी बसून वाचली. मग ओतासिलियोला हाक मारली, आणि त्याने वाचली, आणि तो दोर काढायला गेला.

पुतण्या आता परत निघतो आहे, हे पत्र आमच्या पुढे येईल, म्हणून आधी कामाचं.

चार खांब रोव, तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, आणि वर आडवी लाकडं. जळालेलं लाकूड घेऊ नकोस, मोडेल. पोती उसवून रुंद पट्टे कर. एक पट्टा पुढच्या पायांच्या लगेच मागे, छातीखालून. दुसरा कासेच्या पुढे. पोटाच्या मधोमध कधीही नाही, श्वास कोंडतो. दोर अंगाला लागू देऊ नकोस, कापतो. मग दोघांनी हळूहळू ओढून तिला उचला, पण एवढीच, की खूर जमिनीला टेकलेले राहतील. सगळा भार झोळीवर घेतलात तर पाय मरतात. तिला थोडं स्वतःचं वजन पेलायला लागलं पाहिजे. पाय चोळत राहा, वरून खाली. पाणी थोडं थोडं. निवडुंग तिकडे नाही, केळीचा बुंधा असेल तर चिरून घाल. दिवसातून पुष्कळदा खाली सोडायची, कूस बदलायची, परत उचलायची. आणि तिच्याशी बोलत राहा. बाबा बोलत असत. काय बोलत ते मी ऐकलंय, पत्रात लिहिण्यासारखं नाही, तिची आई काढत असत.

आता दुसरं. मिमोझा उठली नाही.

बाबांनी तुला रोज सांगितलं की ती उठली, आणि मी शेजारी पडून ऐकायचे आणि कधी बोलले नाही. ती झोळीतच मेली. तिला बांधलं तेव्हा उशीर झाला होता. ती बसल्यापासून बाबा एकटेच तिला उठवायला बघत होते, शेपटी पिळून, खांद्याने ढकलून. शेजारी एक म्हातारा होता, त्याला सगळं माहीत होतं, पण आपली गाय बसली हे दुसऱ्याला सांगायची बाबांना लाज वाटली. शेवटी आई गेली त्याला बोलवायला. त्यानंतरच आम्ही सेरिदो सोडलं. तुला ही गोष्ट मी कधीच सांगितली नसती. पण तू विचारलंस. बाबांना जे जमलं नाही ते तुला जमलं, आणि तेही माझ्याकडे, मी तुला काय केलं ते सगळं असताना. चिठ्ठी वाचून मी रडले, आणि ते काही दुःखाचं रडणं नव्हतं.

तिसरं. आज सकाळी उजाडताच मी आमांसियोंकडे गेले आणि संस्थेला बोलावून घ्यायला लावलं. कठड्यावर बसले होते तेच सगळे. मी म्हटलं, माझ्या भावाच्या गाई मला आणायच्या आहेत, लपवून नाही, चंद्रासकट. वेगळ्या कुंपणात राहतील, विक्रीला जाणार नाहीत, सरकारी माणसाने येऊन मोजाव्यात. कुणीतरी म्हणालं, "आणि ती जमीन?" मी म्हटलं, ती तो सोडेल, रान परत उगवू देईल. मी तुझ्या वतीने शब्द दिला, तुला न विचारता. तूही माझा पाय मला न विचारता घेतला होतास, तेव्हा फिटंफाट. आमांसियोची सून सगळ्यांत आधी हो म्हणाली. तिला पोर झालंय, कडेवरच होतं. दोघे-तिघे कुरकुरले, एक उठून गेला. बाकीच्यांनी हो म्हटलं. सरकारचा कागद मिळेपर्यंत गाई तिकडेच ठेवाव्या लागतील, म्हणून आम्ही वैरण घेऊन येतो आहोत. पुढे काय होईल ते मला माहीत नाही. तुझा दंड माफ होणार नाही. पाऊस येईल की नाही तेही माहीत नाही.

बेनेचा ट्रक दुपारी निघतो. रिकामा जातोय म्हणून कुरकुर करत होता, मी म्हटलं, रिकामा कुठे, मी आहे, ओतासिलियो आहे, त्याचा गुडघा आहे. चिरलेला ऊस घेतला आहे, पोती घेतली आहेत, रानभुईमुगाची रोपं ओल्या गोणपाटात घेतली आहेत, आणि या वेळी ती परत आणणार नाही.

डागायची सळई घरीच ठेवली आहे. चंद्राला पाय लागणार नाही. चंद्र जसा आहे तसाच इकडे येऊ दे.

मी पोचेपर्यंत तिला उभी धर.

ताई